पाणाड्या, मशीन आणि अण्णांचं 'आतून वाटतंय'

बांधावरची:

घरात भांडण लागलंय, म्हणून इथे आले. प्रश्न बोअरचा आहे, पण नुसता बोअरचा नाही. शेतीवाले आणि बिनशेतीवाले दोघांनीही उत्तर द्या.

माझं माहेर पारनेर तालुक्यात. साडेचार एकर. वरचं रान मुरमाड, खालची पट्टी ओढ्याला लागून. अण्णा ६९ वर्षांचे, अजून रोज रानात जातात. बाजरी, मूग, आणि पाणी पुरलं तर उन्हाळी कांदा. विहीर सामायिक आहे, पौषातच तळ दाखवते. गेल्या सहा वर्षांत दोन बोअर मारले. पहिला २८० फूट गेला, नुसता धुरळा. दुसऱ्याला १९० फुटांवर पाणी लागलं, रिगवाल्यांना पेढे वाटले, आणि संक्रांतीला मोटर हवा ओढायला लागली. आता तिसरा मारायचा घाट आहे. केसिंग, मोटर, केबल, पाइप धरून सव्वा लाख. पैसे मी देणार आहे, म्हणून मला तोंड आहे.

अण्णांना शेजारच्या गावचे पाणाडे बोलवायचेत. ते तळहातावर नारळ आडवा ठेवून रानातून चालतात, नारळ उभा राहिला की तिथे पाणी. फी २१०० रुपये आणि तो नारळ. पाणी नाही लागलं तर पैसे परत. मी म्हटलं जमिनीत वीज सोडून पाण्याचा अंदाज काढणारा मशीनवाला बोलवू. तो पाच हजार घेतो, आणि लागो न लागो, घेतोच. अण्णा म्हणाले, "मशीनला काय कळतंय आपल्या रानातलं? पाणाड्याच्या दहातले आठ लागतात. आणि मला आतून वाटतंय या वेळी. तिसरा बोअर फेल जात नसतो."

शेवटच्या वाक्यावर मला राहवलं नाही. ओट्यावर बसून रुपयाचं नाणं काढलं. म्हटलं अण्णा, दोनदा छापा पडला म्हणून तिसऱ्यांदा काटा पडेलच असं नसतं, बघा. उडवलं. छापा. परत छापा. तिसऱ्यांदा काटा पडला. अण्णा काही न बोलता उठून गोठ्यात गेले.

पण झोप उडाली ती दुसऱ्याच गोष्टीने. मी पुण्यात एका विमा कंपनीत मोटर क्लेम बघते, अकरा वर्षं झाली. फाइल येते, कागद सगळे बरोबर, सिस्टीमचा स्कोअर हिरवा, आणि तरी कधीकधी काहीतरी खटकतं. गेल्या महिन्यात असंच झालं. पावसात घसरून गाडी कठड्याला आपटली, असा क्लेम. मी फोटो बाजूला ठेवला, चहा घेऊन आले, परत बघितला. बंपरखालची माती कोरडी ठणठणीत होती, वर टायरच्या खाचेत धूळ. आधी खटकलं, माती नंतर दिसली. साहेब म्हणाले, "अनुभव आहे मॅडम तुमचा."

मग माझं खटकणं हा अनुभव आणि अण्णांचं आतून वाटणं ही अंधश्रद्धा, हा न्याय कुठला? मनाचा कौल कधी धरायचा आणि कागद-पेन कधी काढायचं, याला काही धरबंध आहे का?

तिरकस:

मशीनवाल्याला विचारा, पाणी नाही लागलं तर पैसे परत देतो का. नाही म्हणेल. म्हणजे स्वतःवर विश्वास कुणाचा जास्त?

कातळवाचक:

तिरकसराव, हिशेब उलटा आहे. समजा त्या शिवारात डोळे मिटून जागा निवडली तरी दहातले सात बोअर लागतात. पाणाड्याने दहा ठिकाणी नारळ फिरवला, सात ठिकाणी २१०० मिळाले, तीन ठिकाणी परत दिले. १४,७०० रुपये आणि सात माणसं नाव काढणारी. पदरचं काय गेलं? चालणं. परतीची हमी ही विश्वासाची खूण नाही, धंद्याची आहे. आणि मी हे त्यांना लबाड ठरवायला म्हणत नाहीये. मी भेटलेल्या पाणाड्यांपैकी बहुतेकांचा स्वतःवर मनापासून विश्वास होता.

मी भूजलशास्त्रातला, आता निवृत्त. बांधावरची ताई, तुमच्या अण्णांच्या "दहातले आठ" या आकड्याला माझा पहिला प्रश्न: पाणाड्याशिवाय मारलेल्यांपैकी किती लागले? हा दुसरा आकडा कुणाकडेच नसतो, आणि तो नसेल तर पहिल्याला अर्थ नाही.

दुसरा प्रश्न: 'लागलं' म्हणजे काय? महाराष्ट्राचा ८० टक्क्यांहून जास्त भाग बेसॉल्टचा, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थरावर थर. गाळाच्या प्रदेशात पाणी जमिनीखाली पसरून असतं. आपल्याकडे ते वरच्या मुरमात, भेगांत, आणि दोन थरांच्या सांध्यात. खाली नदी वाहतेय, ती सापडली की झालं, असं लोकांना वाटतं. प्रत्यक्षात बोअर एखाद्या भेगेला भिडतो, भेगेत साठलेलं पाणी उसळून येतं, पेढे वाटले जातात. त्या भेगेला मागून पुरवठा नसेल तर दोन महिन्यांत हंडा रिकामा. तुमचा दुसरा बोअर हाच. तो लागला का फेल गेला? पाणाड्याच्या वहीत लागला, तुमच्या वहीत फेल.

नारळाचं म्हणाल तर हात आपल्या नकळत हलतो. विल्यम कार्पेंटर या इंग्रज शरीरशास्त्रज्ञाने १८५२ मध्येच हे मांडलं होतं, की मनात अपेक्षा असली की स्नायू तिच्या मागे किंचित हलतात आणि हलवणाऱ्याला वाटतं वस्तू आपोआप हलली. १९८७-८८ मध्ये म्युनिकजवळ मोठी चाचणी झाली. सुमारे पाचशे पाणाड्यांतून निवडलेले ४३ जण. ते माळ्यावर, खाली तळमजल्यावर पाण्याचा पाइप, दर वेळी जागा बदललेली. करणाऱ्यांनी म्हटलं काही जणांना जमलं. नंतर जिम एनराइट या अमेरिकन शास्त्रज्ञाने तीच आकडेवारी तपासली तर अंदाजपंचे दाहोदरसेच्या पलीकडे त्यात काही निघालं नाही.

आता मशीनची बाजू, म्हणजे माझ्या धंद्याची. चार खुंट्या ठोकायच्या, बाहेरच्या दोनमधून जमिनीत वीज सोडायची, आतल्या दोनमध्ये मोजायचं. खुंट्यांचं अंतर वाढवत नेलं की खोलवरचं समजतं. घट्ट काळा पाषाण विजेला अडवतो, ओला फुटका खडक सोडतो. म्हणजे मशीन पाणी दाखवत नाही, विजेला किती अडथळा होतो ते दाखवतं. पाणी आहे हा निष्कर्ष माणूस काढतो. सिन्नरकडे एका शेतकऱ्याला मी १२० फुटांवर छातीठोक सांगितलं होतं. निघाला गेरू. लाल चिकण थरही विजेला वाट देतो. आलेख चोख होता, गणित चोख होतं, आणि त्या माणसाचे पैसे गेले. तेव्हापासून मी "शक्यता बरी आहे" एवढंच म्हणतो आणि लोक मला पाणाड्यापेक्षा कमी मानतात.

एक करा. अण्णांना "कुठे मारायचा" असं विचारू नका. विचारा की वैशाखात शेवटचं हिरवं गवत कुठल्या बांधाला राहतं, ७२ च्या दुष्काळात कुठली विहीर आटली नाही, पावसाळ्यात नांगर कुठे रुततो. वराहमिहिराने सहाव्या शतकात बृहत्संहितेत 'दकार्गल' नावाचा अख्खा अध्याय याच खाणाखुणांवर लिहिलाय, झाडं आणि वारुळं. त्यातलं सगळं खरं नाही, पण नजर जमिनीवर होती, नारळावर नव्हती.

रात्रपाळी:

शेतीतलं शून्य कळतं. नवजात बाळांच्या कक्षात १६ वर्षं नर्स आहे.

बांधावरची, तुमचा कोरड्या मातीचा किस्सा वाचून काटा आला, कारण आमचं रोजचं हेच आहे. एका रात्री एक बाळ, तिसरा दिवस, ताप नाही, ठोके ठीक, वजन ठीक. मला ते बरं वाटेना. काय ते सांगता येईना. डॉक्टर झोपलेले. फोन करून काय सांगू, "सर, मला कसंतरी वाटतंय"? मी उभी राहून पाच मिनिटं नुसतं बघितलं. दूध ओढताना ते मधेच थांबत होतं आणि पापण्या मिटत होतं, परत दोन घोट, परत थांबायचं. तळपायाचा रंग किंचित राखाडी. मग हेच शब्द फोनवर सांगितले. रक्ततपासणीत जंतुसंसर्ग निघाला.

ही झाली मिरवायची गोष्ट. आता न मिरवायची. कुणीतरी मला म्हणालं, "असं वाटून काहीच न निघालेली बाळं किती?" मला एकही आठवेना. म्हणून डायरीच्या मागच्या पानांवर लिहायला लागले. तीन महिन्यांत १९ वेळा 'कसंतरी' वाटलं. खरं निघालं ७ वेळा. माझ्या मनात तो आकडा पंधराच्या खाली नव्हता!

तरी मी फोन करणं सोडलं नाही. बाराजणांसाठी डॉक्टरांची झोप मोडली, एवढंच नुकसान. न केलेल्या फोनचं नुकसान केवढं असतं ते सांगायला नको. तुमचं मात्र उलट दिसतंय. तुमच्या अण्णांच्या कौलाची किंमत सव्वा लाख आहे. १९ मधला ७ माझ्या कामात पुरतो, तुमच्या कामात पुरेल का बघा.

आणि आकड्यांना तुसडेपणाने बघू नका, हे आमच्याकडच्या नव्या पोरींना मी सांगते. बाळ जन्मल्यावर अपगार स्कोअर काढतात. ठोके, श्वास, हातपाय आवळून धरणं, चिमट्याला प्रतिसाद, रंग, प्रत्येकाला शून्य ते दोन. भूलतज्ज्ञ व्हर्जिनिया अपगार यांनी १९५३ मध्ये तो प्रसिद्ध केला. त्याआधीही अनुभवी माणसं बाळाकडे बघून ओळखायचीच की. पण प्रत्येकाची नजर वेगळी, आणि घाईत एखादी गोष्ट बघायची राहायची.

ओढाकाठ:

मुळात बोअरच कशाला? तुमच्याच जिल्ह्यात हिवरे बाजार आहे. तिथे शेतीसाठी बोअर बंद केलेत, दरवर्षी पाऊस मोजून ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडतात आणि मग कुठलं पीक घ्यायचं ते ठरतं. ना नारळ ना मशीन.

बांधावरची:

ओढाकाठ, अगदी पटलं, पण आमच्या गावात ग्रामसभेला कोरम भरत नाही. त्यामुळे पुढे.

रात्रपाळी ताई, तुमची डायरी डोक्यातून जाईना. शनिवारी गावी गेले आणि वही घेऊन वस्तीवर फिरले. आमची आणि आजूबाजूच्या दोन वस्त्या. लोकांना वाटलं सरकारी सर्व्हे आहे, दोन ठिकाणी अनुदान कधी मिळणार विचारलं, एका ठिकाणी शेंगदाण्याचा लाडू मिळाला. एकूण २३ बोअर मोजले.

पाणाड्याने दाखवलेले १४. त्यातले मारताना लागले १०. चैत्रात अर्धा तास तरी मोटर चालते असे ५.

पाणाड्याशिवाय, म्हणजे विजेचा खांब जवळ आहे, रिग वळायला जागा आहे, भावाच्या हद्दीपासून लांब आहे अशा कारणांनी मारलेले ९. मारताना लागले ७. चैत्रात चालतात ३.

कातळवाचक सर, तुमचा दुसरा आकडा मिळाला. आकडे छोटे आहेत ते कळतं. पण नारळाने काही भर घातलेली दिसत नाही. आणि गंमत अशी की ज्यांचे फेल गेले त्यातल्या तिघांनी पाणाड्याला दोष दिला नाही. "रिगवाल्याने वीस फूट आधीच थांबवला" म्हणाले.

वही अण्णांसमोर ठेवली. त्यांनी चष्मा लावून सगळी पानं वाचली. म्हणाले, "गणप्याच्या बोअरचं खोटं सांगितलंय त्याने. तो माघातच आटतो." बाकी काही बोलले नाहीत.

आमचे स्वतःचे दोन्ही बोअर तिथे का मारले होते हेही मी विचारलं. दोन्ही वेळा वरच्या रानात, विजेचा खांब तिथे म्हणून. ना अंतर्मन, ना तर्क, केबलचा खर्च!

हॅमर बिट:

मुलाकडून टाइप करून घेतोय. मी रिगवर ११ वर्षं आहे. गाडी तमिळनाडूची, तिरुचेंगोडची, तिकडच्याच गाड्या जास्त. मी ड्रिलर.

रिगवाल्याने आधीच थांबवला असं सगळे म्हणतात म्हणून लिहितो. आमचा रॉड वीस फुटी. दिवसाला वीस-पंचवीस रॉड उतरतात. खाली हातोडा बडवतो, त्याचा आवाज कानात बसलेला असतो. काळा पाषाण असला की टणटण, पांढरट राखाडी पीठ येतं. मांजऱ्या लागला, म्हणजे भोकाभोकांचा खडक, की आवाज जड होतो आणि रॉड सरसर खाली जातो. गेरूला लाल धुरळा येतो, मग भिंत ढासळायची भीती. पाणी जवळ आलं की धुरळा उडायचा कमी होतो, गोळ्या पडायला लागतात. हात लावून बघायचं, चिकटतंय का. मालक मंडळी बादली घेऊन उभी असतात त्यांच्या आधी मला कळलेलं असतं. दहा मिनिटांत खडकच सांगतो मी बरोबर का चूक. असं दिवसातून वीस वेळा, ११ वर्षं.

पण बोअर कुठे मारायचा विचाराल तर मला काहीही कळत नाही. लोक विचारतात, "ड्रायव्हर, तुम्ही एवढे बोअर मारले, सांगा की जागा." मी सांगत नाही. आम्ही बोअर मारला की रात्रीच पुढच्या गावाला. चैत्रात पाणी राहिलं का आटलं मला कोण फोन करतंय? कुणी नाही. पाणाड्यालाही कुणी करत नसणार.

आणि अजून एक खरं सांगतो, पोरगा म्हणतो लिहू नका. आम्हाला पैसे फुटावर मिळतात. दोनशे फुटांवर मालकाने विचारलं, अजून एक रॉड टाकू का, तर माझं मन बहुतेक वेळा म्हणतं टाका. ते मन माझं का गाडीमालकाचं हे मला सांगता येत नाही. दोनशेच्या आसपास माणूस ऐकायला सगळ्यात कच्चा असतो, एवढं खर्च केलंय तर अजून वीस फूट. तेव्हा घरूनच ठरवून या किती फुटांवर थांबायचं, कागदावर लिहून या. माझं ऐकू नका.

कातळवाचक:

हॅमर बिट, माझ्या सगळ्या व्याख्यानांवर तुमचा हा प्रतिसाद भारी आहे. थांबण्याबद्दल एक जोडतो, भूजल कायद्यात ६० मीटरच्या, म्हणजे साधारण २०० फुटांच्या पुढची विहीर 'खोल विहीर' धरली आहे. आपल्या खडकात त्याखाली लहरीपणाही वाढतो.

तिरकस:

मी माझा प्रतिसाद मागे घेतो. नारळ मात्र ठेवून घ्या, चटणीला होईल.

शंकासूर:

ड्रिलरसाहेबांनी जे लिहिलं त्याच्यावर दोन मोठे मानसशास्त्रज्ञ वर्षानुवर्षं वाद घालत होते. डॅनिएल काहनेमन म्हणायचे तज्ज्ञांच्या मनाचा कौल फसवा असतो. गॅरी क्लाइन अग्निशामक दलाची माणसं अभ्यासायचे आणि म्हणायचे, नाही, तो थक्क करणारा असतो. शेवटी दोघांनी मिळून २००९ मध्ये निबंध लिहिला, आणि एकमत झालं ते साधारण याच मुद्द्यावर: काम असं हवं की त्यात काही नियमितपणा आहे, आणि चूक-बरोबर लवकर कळतं. हातोड्याच्या आवाजात दोन्ही आहे. नारळात पहिलं नाही आणि दुसरंही नाही.

पण मला सांगायचंय ते वेगळं. काहनेमन विशीत इस्रायलच्या सैन्यात होते, १९५० च्या दशकात. भरतीच्या मुलाखती घेणारे उमेदवाराशी गप्पा मारायचे आणि मनाला वाटेल ते मत द्यायचे. ती मतं पुढे फारशी खरी ठरत नव्हती. काहनेमननी सहा गुण ठरवून दिले, प्रत्येकासाठी ठरावीक प्रश्न, एकेका गुणाला वेगळे मार्क. मुलाखतकार चिडले, आम्हाला यंत्र करताय म्हणाले. तेव्हा त्यांची समजूत काढायला शेवटी एक ओळ वाढवली: सगळे मार्क देऊन झाले की डोळे मिटा आणि हा सैनिक म्हणून कसा निघेल त्याला मार्क द्या. नंतर तपासलं तर सहा गुणांची बेरीज जुन्या पद्धतीपेक्षा बरीच बरी निघालीच, पण ते डोळे मिटून दिलेले मार्कही तितकेच उपयोगी निघाले. आधी सुटंसुटं बघून झाल्यावर मन जे म्हणतं ते वेगळं असतं.

तुम्ही अण्णांना मशीन की नारळ एवढंच विचारलंत. सुटे प्रश्न विचारून झाल्यावर डोळे मिटायला सांगून बघा ना.

बांधावरची:

उशीर झाला, कांद्याच्या बियाण्याची धावपळ होती.

शंकासूर आणि कातळवाचक सर, तुमचं दोघांचं एकत्र केलं. अण्णांना एकेक प्रश्न विचारला, आणि मी नुसतं लिहून घेतलं, मधे बोलले नाही (फार कठीण गेलं). हिरवं गवत शेवटपर्यंत कुठे? खालच्या पट्टीत, उंबराच्या अंगाला. नांगर कुठे रुततो? तिथेच, श्रावणात बैल गुडघाभर जायचे. ७२ ला काय झालं होतं? इथे अण्णा बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, खालच्या पट्टीत एक आड होता. त्या वर्षी वस्तीवरची जनावरं त्याच्यावर जगली. पुढे त्यात वासरू पडलं म्हणून आजोबांनी बुजवला. मी ४१ वर्षांची आहे, या आडाबद्दल आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. दोन बोअरना अडीच लाख घातले तेव्हा हे कुणी का नाही बोललं विचारलं, तर म्हणाले, "कुणी विचारलंच नाही. जागा दाखवा म्हणाले, पाणी कुठे होतं असं कुठे विचारलं?"

मग मशीनवाला बोलवला, अण्णांच्या समाधानासाठी पाणाडेही बोलवले, वेगवेगळ्या दिवशी. मशीनवाल्याने खालच्या पट्टीत खूण केली. पाणाड्यांचा नारळही खालच्या पट्टीतच उभा राहिला, पंधरा पावलांवर. अण्णा माझ्याकडे बघून मिशीत हसले. मी म्हटलं, अहो, ते फाटकातून आत आले तेव्हा तुम्हीच नाही का आडाची गोष्ट सांगितलीत त्यांना? "सांगितली. पाव्हण्याशी बोलू नको का?"

आता मुख्य. हॅमर बिट दादांचं ऐकून अण्णांच्या हिशेबाच्या वहीत सगळ्यांचं आधीच लिहून ठेवायचं ठरवलं. पाणी किती फुटांवर आणि कधीपर्यंत. मशीनवाल्याने लिहिलं: ११० ते १३० फूट, थराचा सांधा, शक्यता मध्यम, टिकण्याबद्दल खात्री देता येत नाही. पाणाडे म्हणाले लिहून कशाला, मी सांगतो तू लिही: ९० फूट, तीन इंची धार, बारमाही. मी लिहिलं: २०० ला थांबायचं, चैत्रापर्यंत टिकण्याची शक्यता तीनात एक. हे वस्तीच्या आकड्यांवरून.

अण्णांना म्हटलं डोळे मिटा आणि सांगा. डोळे मिटले नाहीत, ओढ्याकडे बघत बसले. मग स्वतःच पेन घेतलं आणि लिहिलं: "होळीपर्यंत."

मी म्हटलं अण्णा, होळीपर्यंतच पाणी राहणार असं तुम्हालाच वाटतंय आणि तरी सव्वा लाख घालायचे?

त्यांनी माझ्याकडे अशी नजर टाकली, जशी मी ऑफिसात नवीन पोरांकडे टाकते. "कांदा लावतो मार्गशीर्षात. विहीर पौषात बसते. काढणीआधी पंधरा दिवस पाणी तोडायचंच असतं. मला माघात आणि होळीपर्यंत चार पाणी पाहिजेत. चैत्रात काय पोहायचंय का मला?"

मी सहा आठवडे लोकांना चैत्राचं विचारत फिरत होते. चैत्र मी कुठून आणला माहीत नाही. बहुतेक आम्ही शाळेला सुट्टी लागली की गावी यायचो, तेव्हा पाणी नसायचं, म्हणून.

रात्री परत वही काढली आणि फोन लावत बसले, २३ पैकी २१ जण मिळाले. राहिलेल्या दोघांचं अण्णांनीच सांगितलं. होळीपर्यंत चालणारे १३ निघाले. गणप्याचा धरून नाही.

रिग पुढच्या मंगळवारी येतेय. हॅमर बिट दादा, तुमची गाडी नगरकडे असते का?